डोक्यातून गळते ते सारेच कोंडा नव्हे!

डोक्याला सतत सुटणारी खाज आणि खांद्यावर पडणारा पांढरा भुगा ही तशी घरोघरची तक्रार. ती जिवावर बेतत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. चारचौघांत मात्र ती संकोच आणते, म्हणून उपायही भाराभर केले जातात. भिवंडीतील धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या चौकात किराणा दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत कोठेही जा, कोंड्यावरील शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. शेजारच्या काउंटरवर खाज, खरूज, नायटा अशा सगळ्यांवर एकच मलम मिळते. ग्राहक स्वतःच रोगाचे नाव ठरवतो आणि स्वतःच औषध निवडतो. नेमकी येथेच गफलत होते. डोक्यातून गळणारा प्रत्येक पापुद्रा हा कोंडा नसतो आणि खरोखरच कोंडा असला, तरी त्यावरचे औषध बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने वापरतात.

भिवंडीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. देशातील यंत्रमागांचे हे एक मोठे केंद्र. कारखान्यात दिवसभर कापसाची बारीक लव उडत असते आणि ती घामाने ओल्या झालेल्या केसांवर बसते. ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून विणकामाच्या जागी हवा दमट असणे सोयीचे मानले जाते. त्यात कोकणपट्टीचा उकाडा. कामगार पाळी संपवून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर लव आहे की कोंडा, हे त्यालाही सांगता येत नाही. दोन्हींतला फरक मात्र सोपा आहे. लव झटकली, धुतली की जाते आणि दुसऱ्या पाळीपर्यंत परत येत नाही. कोंडा धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत, सुटीवर असतानाही पुन्हा दिसू लागतो. कारण तो बाहेरून येत नाही, डोक्याच्या त्वचेतूनच निघतो.

कोंडा म्हणजे काय?

धान्य कांडल्यावर, दळल्यावर निघणाऱ्या टरफलाच्या भुशाला आपण कोंडा म्हणतो. डोक्यातून पडणाऱ्या पापुद्र्यांनाही मराठीने तेच नाव दिले. गंमत अशी, की पाश्चात्त्य वैद्यकानेही हाच दाखला घेतला. कोंड्याचे जुने वैद्यकीय नाव 'पिटिरियासिस' हे ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थही धान्याचा कोंडाच. आयुर्वेदाने या विकाराला 'दारुणक' म्हटले आणि सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांत केली. थोडक्यात, हा विकार प्रदूषणाने किंवा आधुनिक राहणीने जन्माला घातलेला नाही. तो फार जुना आहे.

आपल्या त्वचेच्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि मृत होऊन गळून पडतात. निरोगी त्वचेत या प्रवासाला साधारण महिनाभर लागतो. गळणाऱ्या पेशी इतक्या सूक्ष्म असतात, की त्या डोळ्यांना दिसत नाहीत. कोंडा झालेल्या डोक्यात हाच प्रवास घाईने होतो. पेशी पुरत्या परिपक्व न होताच एकमेकींना चिकटलेल्या पुंजक्यांनी गळतात. हे पुंजके म्हणजेच आपल्याला दिसणारे पांढरे पापुद्रे.

ही घाई कशामुळे होते? याचे उत्तर एका सूक्ष्म बुरशीत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मॅलासे यांनी १८७४ मध्ये डोक्याच्या त्वचेवरील या बुरशीचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून ती 'मॅलासेझिया' म्हणून ओळखली जाते. ही बुरशी जवळजवळ प्रत्येक माणसाच्या त्वचेवर असते. ती असणे म्हणजे आजार नव्हे आणि ती अस्वच्छतेची खूणही नव्हे. तिला स्वतःसाठी लागणारी स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत. २००७ मध्ये या बुरशीच्या एका जातीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासाठी लागणारे जनुकच तिच्यात नसल्याचे दिसून आले. त्यामुळे ती आपल्या त्वचेतून स्रवणाऱ्या तेलावर जगते. हे तेल फोडून ती आपल्या उपयोगाची स्निग्धाम्ले वापरते आणि ओलेइक आम्लासारखी उरलेली मागे टाकते. काहींची त्वचा हे आम्ल मुकाट्याने सहन करते, तर काहींच्या त्वचेचा दाह होतो, खाज सुटते आणि पेशींची घाई सुरू होते.

म्हणजे कोंड्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: त्वचेचे तेल, ही बुरशी आणि त्या व्यक्तीच्या त्वचेची संवेदनशीलता. एकाच खोलीत राहणाऱ्या, एकच साबण वापरणाऱ्या दोघांपैकी एकालाच कोंडा का होतो, याचे उत्तर तिसऱ्या गोष्टीत आहे. कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. थंडीत, जागरणाने, मानसिक ताणाने तो बळावतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांत आणि एचआयव्हीबाधितांत तो बऱ्याचदा तीव्र स्वरूपात आढळतो.

हा कोंडाच आहे का?

उपायाला लागण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. सारखीच दिसणारी, पण उपचार वेगळे असणारी दुखणी पुढीलप्रमाणे आहेत.

साधा कोंडा: पांढरे वा करडे पापुद्रे, सौम्य खाज, त्वचा लाल नाही. हेच पापुद्रे पिवळट, तेलकट झाले, त्याखालची त्वचा लाल दिसू लागली आणि भुवया, नाकाच्या कडा, कानामागचा भाग, दाढी किंवा छाती येथेही तसेच चट्टे आले, तर तो कोंड्याचाच पुढचा टप्पा असतो. डॉक्टर त्याला 'सेबोरिक डर्मटायटिस' म्हणतात.

कोरडी त्वचा: अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाने रोज केस धुणाऱ्यांत हा प्रकार दिसतो. पापुद्रे बारीक व कोरडे असतात, हातापायांची त्वचाही रखरखीत असते. साबण बदलला की फरक पडतो.

सोरायसिस: जाड, चंदेरी खपल्यांचे ठळक कडा असलेले चट्टे. बऱ्याचदा ते केसांची रेषा ओलांडून कपाळावर वा मानेवर येतात. कोपर, गुडघे आणि नखेही पाहावीत. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे असतील, तर ही शक्यता अधिक. हा आजार संसर्गजन्य नाही, मात्र त्यावर दीर्घकाळ देखरेख लागते.

केसांच्या रंगाची ॲलर्जी: केस काळे करणाऱ्या बहुतेक रंगांत आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत 'पीपीडी' हे रसायन असते. वर्षानुवर्षे वापरूनही त्याची ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. रंग लावल्यानंतर दोन-तीन दिवसांत कानामागे, कपाळावर, मानेवर खाज, सूज वा पाणी येत असेल, तर दोष कोंड्याचा नसून रंगाचा असण्याची शक्यता मोठी.

उवा-लिखा: पांढरा कण चिमटीत धरून ओढून पाहावा. कोंडा केसावरून सहज निघतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते.

खवडा: सर्वाधिक गफलत होते ती येथे, आणि तिचा फटका बसतो लहान मुलांना.

मुलांच्या डोक्यातील 'कोंडा'

तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपली धरते. ती निरुपद्रवी असते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप जाते. त्यानंतर वयात येईपर्यंत मुलांच्या त्वचेत तेलाचे प्रमाण कमी असते. म्हणूनच तीन ते दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून पापुद्रे पडत असतील, तर 'कोंडा झाला' असे म्हणून शाम्पूची पुडी आणणे योग्य नाही. या वयात खवडा, म्हणजेच डोक्याच्या त्वचेचा नायटा आहे का, हे आधी पाहावे लागते.

खवडा वेगळ्या बुरशीमुळे होतो. भारतात 'ट्रायकोफायटन व्हायोलेसियम' ही त्यातली नेहमी आढळणारी जात. ही बुरशी त्वचेच्या तेलावर जगत नाही, ती थेट केसातच घुसते. केस मुळाशी तुटतो आणि तेथे काळे ठिपके दिसू लागतात. कधी गोल चकती पडते, कधी केवळ कोंड्यासारखे पापुद्रे निघतात, तर कधी पू भरलेली मऊ, दुखरी गाठ येते आणि मानेतील गाठी सुजतात. गाठीपर्यंत गेलेला आजार वेळीच आवरला नाही, तर त्या जागी व्रण राहतो आणि केस कायमचे जाऊ शकतात. हेच या दुखण्याचे खरे गांभीर्य.

खवड्याबाबत दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, तो केवळ शाम्पूने किंवा मलमाने बरा होत नाही. बुरशी केसाच्या आत असल्याने पोटातून औषध घ्यावे लागते. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन ही औषधे वजनाप्रमाणे मात्रा ठरवून साधारणपणे कित्येक आठवडे दिली जातात. शाम्पूने संसर्ग पसरणे कमी होते, एवढाच त्याचा उपयोग. दुसरी, तो कंगवा, टोपी, टॉवेल, उशी यांतून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. दाटीवाटीच्या घरात एकाला झाला, की सर्व भावंडांची डोकी तपासून घ्यावीत. मुलाचे मुंडण करण्याची किंवा त्याला शाळेतून काढून घरी बसवण्याची सहसा गरज नसते. उपचार सुरू करणे आणि कंगवा वेगळा ठेवणे याला महत्त्व आहे.

शाम्पू लावला, पण गुण आला नाही

मोठ्यांचा साधा कोंडा मात्र घरी आटोक्यात आणता येतो. त्यासाठी बाटलीवरील सुंदर केसांचे चित्र न पाहता मागच्या बाजूला छापलेले घटक पाहावेत. बुरशीला आवर घालणारे घटक मोजकेच आहेत: झिंक पायरिथिऑन, केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड आणि सायक्लोपिरॉक्स. कोल टार पेशींची घाई कमी करते, तर सॅलिसिलिक आम्ल जाड खपल्या सोडवते. यांपैकी काहीच नसलेला शाम्पू केवळ केस स्वच्छ करतो.

झिंक पायरिथिऑन हा सर्वांत परिचित घटक. अमेरिकेत १९६१ मध्ये बाजारात आलेल्या 'हेड अँड शोल्डर्स'मुळे तो घरोघरी पोहोचला. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याच्या वापरावर बंदी घातली. प्राण्यांवरील चाचण्यांतून प्रजननक्षमतेवरील परिणामांबाबत निघालेले निष्कर्ष आणि पर्यायी घटकांची उपलब्धता ही त्यामागची पार्श्वभूमी. भारतात तो वापरला जातो. लावून धुऊन टाकण्याच्या शाम्पूतून तो अंगात शोषला जाण्याचे प्रमाण अत्यल्प असते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र गरोदर स्त्रियांनी कोणताही औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

गुण न येण्याचे सर्वांत मोठे कारण घटकात नसून वापरण्याच्या पद्धतीत आहे. सामान्यतः पुडी फोडली जाते, फेस होतो आणि अर्ध्या मिनिटात तो धुऊन टाकला जातो. औषध केसांना लागते, त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. योग्य पद्धत अशी:

- आधी साध्या शाम्पूने किंवा पाण्याने घाम, धूळ, लव आणि तेल काढून टाकावे.
- केस बाजूला करत औषधी शाम्पू बोटांच्या पेरांनी त्वचेला लावावा. नखांचा वापर करू नये.
- तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवून मग भरपूर पाण्याने धुवावे.
- केटोकोनॅझोलचा २ टक्के शाम्पू सामान्यतः आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरला जातो.
- कोंडा गेल्यावर औषध एकदम थांबवू नये. एक-दोन आठवड्यांतून एकदा वापर चालू ठेवावा.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. कोंडा कायमचा जात नाही, तो आटोक्यात राहतो. बुरशी त्वचेवर असतेच. औषध बंद केले की ती पुन्हा वाढते. 'एकदाच वापरा, कोंडा मुळासकट नाहीसा' अशी जाहिरात दिसली, तर ती कोंड्याचा मांडा करणारीच समजावी. एका घटकाने महिनाभरात फरक पडला नाही, तर दुसरा घटक वापरून पाहता येतो. तरीही उपयोग झाला नाही, तर निदानच तपासून घ्यावे.

तेल, दही आणि लिंबू

डोके 'कोरडे पडले' म्हणून कोंडा झाला आणि तेल चोपडले की तो जाईल, ही समजूत घरोघरी आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. प्रयोगशाळेत मॅलासेझिया वाढवायची झाल्यास तिला तेल द्यावे लागते, त्यासाठी ऑलिव्ह तेल वापरण्याची पद्धत आहे. रात्रभर डोक्यात तेल मुरवणे म्हणजे या बुरशीला जेवण वाढण्यासारखेच. तेलाने पापुद्रे केसांना चिकटून बसतात, खांद्यावर पडत नाहीत, म्हणून कोंडा कमी झाल्यासारखा वाटतो. खपल्या फारच जाड असतील, तर धुण्यापूर्वी तास-अर्धा तास तेल लावून त्या मऊ करून घेण्यास हरकत नाही. केसांना तेल हवेच असेल, तर ते टोकांना लावावे, त्वचेवर थापू नये.

लिंबाचा रस खाजवलेल्या त्वचेवर झोंबतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखे डागही पडू शकतात. खाण्याच्या सोड्याने त्वचा अधिकच चिडते. दह्याने अपाय होत नसला, तरी बुरशी आवरेल असा भरवसा धरता येत नाही. उवांसाठी डोक्याला रॉकेल लावणे हा तर आगीशी खेळ आहे.

झटपट मलमांचा सापळा

खाज लवकर थांबावी म्हणून दुकानातून मलम आणले जाते. बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेली अशी मलमे देशभर वर्षानुवर्षे सर्रास विकली गेली. स्टिरॉइडमुळे एक-दोन दिवसांत खाज व लाली कमी होते आणि औषध 'लागू पडले' असे वाटते. प्रत्यक्षात स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते. आजार नायट्याचा असेल, तर बुरशी आत पसरत राहते, चट्ट्याचे रूप बदलते आणि पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण जाते. दीर्घकाळ वापराने त्वचा पातळ होते, चेहरा लालसर होतो, जांघेत वळ उमटतात. गेल्या काही वर्षांत भारतात हट्टी नायट्याची जी साथ पसरली, तिच्यामागे या मलमांचा बेसुमार वापर हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय लावून धरला. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याची १४ स्टिरॉइडे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशा काही मलमांचाही समावेश होता. तरीही ग्राहकाने स्वतः सावध राहणे उत्तम. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावे दिसली, तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. सोरायसिस किंवा तीव्र दाह असल्यास डॉक्टर हीच औषधे थोड्या दिवसांसाठी देतात. धोका औषधात नसून ते निदानाशिवाय, महिनोन्‌महिने चोळत राहण्यात आहे.

मागावर काम करणाऱ्यांसाठी

पाळीच्या वेळी डोक्याला सुती फडके बांधावे, ते रोज धुवावे आणि दुसऱ्याचे वापरू नये. काम संपल्यावर डोके साध्या पाण्याने धुवावे. औषधी शाम्पू मात्र ठरलेल्या दिवशीच वापरावा. एका खोलीत अनेक जण राहत असतील, तर कंगवा आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. कोंडा पसरत नसला, तरी नायटा आणि उवा पसरतात. सलूनमध्ये धुतलेला कंगवा आणि स्वच्छ टॉवेल मागण्यात संकोच नको. टोपी, हेल्मेट, हिजाब किंवा पदर घेण्यापूर्वी केस वाळू द्यावेत. ओले डोके तसेच झाकल्याने खाज वाढते. मुंडणाने औषध लावणे सोपे होते, पण तेवढ्याने कोंडा जात नाही. बुरशी केसांवर नव्हे, त्वचेवर असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

महिनाभर योग्य पद्धतीने शाम्पू वापरूनही फरक नसेल, केसांत चकत्या पडत असतील, पू, वेदना किंवा मानेत गाठी असतील, चट्टे चेहऱ्यावर वा अंगावर पसरत असतील किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. गरज भासल्यास मुंबईतील केईएम, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत स्वतंत्र त्वचारोग विभाग आहेत. जाताना वापरलेले सर्व शाम्पू, मलमे आणि केसांचे रंग यांची वेष्टने सोबत न्यावीत. खवड्याची शंका असल्यास डॉक्टर थोडे पापुद्रे आणि तुटलेले केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही तपासणी साधी असते आणि तिने महिन्यांचा खर्च व मनस्ताप वाचू शकतो.

कोंड्याने टक्कल पडते, ही भीती अनाठायी आहे. सतत खाजवल्याने काही केस तुटतात वा गळतात, पण कोंडा आटोक्यात आला की ते परत येतात. खवड्याचे तसे नाही. तेथे उशीर झाला, तर गेलेले केस परत मिळत नाहीत. म्हणूनच पुडी फोडण्यापूर्वी डोक्यातून गळते आहे ते नेमके काय, हे ओळखणे महत्त्वाचे. मोठ्यांच्या बाबतीत त्याने पैसे वाचतील, मुलांच्या बाबतीत त्यांचे केस.